कोल्हापूरच्या हवेत लेझरची ठिणगी: आधी हिशोब, मग प्रयोग

हवेत कुठे तार नाही, दोन टोकं नाहीत, व्होल्टेज लावलेलं नाही. तरी लेन्सच्या फोकसपाशी लख्ख निळसर-पांढरी ठिणगी उठते आणि ‘टक्’ असा कोरडा आवाज होतो. वायूतली ही लेझरची ठिणगी पहिल्यांदा जगापुढे मांडली ती मेकर, टर्हून आणि सॅव्हेज यांनी, १९६३ साली पॅरिसच्या क्वांटम इलेक्ट्रॉनिक्स परिषदेत. त्यांच्याकडे रुबी लेझर होता आणि आदल्याच वर्षी सिद्ध झालेलं क्यू-स्विचिंगचं तंत्र होतं. रुबीत साठलेली ऊर्जा तोवर मिलिसेकंदभर हप्त्याहप्त्याने बाहेर पडायची. क्यू-स्विचमुळे ती काही नॅनोसेकंदांत एकदम सुटू लागली. आपलं शिवाजी विद्यापीठही १९६२चंच, म्हणजे विषय आणि विद्यापीठ जवळपास एकाच वयाचे.

हा विषय प्रकल्पासाठी घेतलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, हवेचा ब्रेकडाउन थ्रेशोल्ड किती?” म्हणजे हवा फुटून ठिणगी पडायला कमीत कमी किती तीव्रता लागते? छापील उत्तरं शोधली तर १०६४ नॅनोमीटरच्या नॅनोसेकंद पल्ससाठी दर चौरस सेंटिमीटरला एक हजार कोटी वॅटपासून एक लाख कोटी वॅटपर्यंत काहीही सापडतं. हा शंभर पटींचा फरक हलगर्जीपणामुळे पडलेला नाही, निदान सगळा तरी नाही. थ्रेशोल्ड हा वायू, पल्स, स्पॉटचा आकार, खोलीतली धूळ आणि ‘ब्रेकडाउन झालं’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत, या सगळ्यांचा मिळून येणारा आकडा असतो. म्हणून लेझरला हात लावण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. पुढच्या पहिल्या चार पायऱ्यांना एक रुपयाही खर्च येत नाही.

पहिली पायरी: फोटॉनचा हिशोब

१२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. एनडी-याग लेझरच्या १०६४ नॅनोमीटरला ती येते १.१७. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १२.०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, नायट्रोजनच्या रेणूतून १५.५८. म्हणजे एका फोटॉनचं हे काम नव्हे. ऑक्सिजनच्या रेणूने एकाच क्षणी ११ फोटॉन गिळले तर तो आयनीभूत होईल, नायट्रोजनला १४ लागतील. याला बहुफोटॉन आयनीभवन म्हणतात. त्याचा वेग तीव्रतेच्या तितक्याव्या घातावर चालतो. तीव्रता निम्मी केली तर ११ फोटॉनांची प्रक्रिया सुमारे दोन हजार पटींनी मंदावते.

हाच हिशोब ५३२ आणि २६६ नॅनोमीटरसाठी करून पाहा. हिरव्या प्रकाशात ऑक्सिजनला ६ आणि नायट्रोजनला ७ फोटॉन लागतात, २६६ च्या अतिनील प्रकाशात ३ आणि ४. अतिनील पल्सने पहिले इलेक्ट्रॉन सहज का सुटतात ते इथेच कळतं. १०६४ वर मात्र केवळ या वाटेने अख्खी ठिणगी उभी राहत नाही. दुसरी वाट लागते, आणि तिच्यासाठी आधी फोकसची जागा केवढी आहे ते माहीत हवं.

दुसरी पायरी: स्पॉट

माझ्या मते सगळ्या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच. फोकसवरच्या स्पॉटचा व्यास असा काढतात: ४ गुणिले तरंगलांबी गुणिले लेन्सचं फोकल अंतर गुणिले बीमचा दर्जांक, आणि या सगळ्याला भागिले (π गुणिले लेन्सवर पडणाऱ्या बीमचा व्यास). दर्जांक आदर्श बीमचा १ असतो. प्रयोगशाळेतल्या सर्वसाधारण लेझरचा त्याहून बराच वर जाऊ शकतो. आपण २ धरू. लेन्स १०० मिलिमीटरची, बीम ६ मिलिमीटरचा: स्पॉट येतो सुमारे ४५ मायक्रोमीटर. दर्जांक १ धरून बसलात तर स्पॉट निम्मा दिसेल, क्षेत्रफळ चौथाई होईल आणि तुमचा थ्रेशोल्ड कागदावर चौपट फुगेल. वर सांगितलेल्या शंभर पटींतला चांगलाच हिस्सा असाच जन्माला येतो.

४५ मायक्रोमीटर व्यासाचं क्षेत्रफळ ०.००१६ चौरस मिलिमीटर. आणि बीम फोकसपाशी साधारण दीड मिलिमीटर लांबीपर्यंत असा बारीक राहतो, म्हणून फोकसचं घनफळ ०.००२४ घन मिलिमीटर. आता त्यात रेणू किती? इथे कोल्हापूर मध्ये येतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे हवेचा दाब ७६० टॉर नसून ७१२ च्या आसपास असतो, म्हणजे साधारण सहा टक्के कमी. अहवालात ‘एक वातावरण दाब’ असं सवयीने लिहू नका, वायुदाबमापक वाचा. या दाबाला आणि २७ अंश तापमानाला एका घन सेंटिमीटरमध्ये २३ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. आपल्या फोकसमध्ये त्यातले सुमारे ५५ लाख कोटी.

तिसरी पायरी: इलेक्ट्रॉनांचा लोंढा

समजा फोकसमध्ये एक मोकळा इलेक्ट्रॉन आहे. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र त्याला पुढे-मागे हलवतं, पण एकट्या इलेक्ट्रॉनला त्यातून कायमची कमाई होत नाही: अर्ध्या आवर्तनात मिळालेलं उरलेल्या अर्ध्यात परत जातं. मध्येच एखाद्या रेणूवर तो आदळला तर ही लय तुटते आणि थोडी ऊर्जा त्याच्याकडे राहते. अशा टकरी होत होत ऊर्जा साठते, आयनीभवनाइतकी झाली की तो एका रेणूतून दुसरा इलेक्ट्रॉन काढतो, मग दोनाचे चार, चाराचे आठ. झेल्दोविच आणि रायझर या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी साठच्या दशकात या लोंढ्याचं गणित मांडलं, आणि नॅनोसेकंद पल्ससाठी आजही आपण त्याच वाटेने जातो.

आकडे घालू. तीव्रता धरा दर चौरस सेंटिमीटरला दहा हजार कोटी वॅट, म्हणजे १० चा ११ वा घात. १०६४ नॅनोमीटरला एका टकरीमागे इलेक्ट्रॉनची सरासरी कमाई ०.०२१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, अगदी चिल्लर. पण कोल्हापूरच्या हवेत काही इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एका नॅनोसेकंदात साधारण ३,००० टकरी घेतो. म्हणजे नॅनोसेकंदाला ६३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. एका दुपटीला सरासरी १४ लागतात असं धरलं तर नॅनोसेकंदात साडेचार दुपटी, दहा नॅनोसेकंदांच्या पल्समध्ये ४५.

आता ५५ लाख कोटी रेणूंपर्यंत एकापासून दुपटीदुपटीने पोचायला किती पायऱ्या? ४६. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. इतक्या साध्या हिशोबाने तीव्रतेचा अंदाज बरोबर पट्ट्यात येतो, आणि म्हणूनच तो स्वतःच्या हाताने करावा. खऱ्या हवेत इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूंना कंपन देण्यात ऊर्जा घालवतात, काही ऑक्सिजनला चिकटतात, काही फोकसबाहेर निसटतात. त्यामुळे थोडी जास्त तीव्रता लागते. उलट, सगळे रेणू फुटायच्या कितीतरी आधी ठिणगी दिसू लागते. चुका दोन्ही बाजूंना आहेत, आणि म्हणून हा आकडा अंदाज म्हणूनच वापरायचा.

ऊर्जेत रूपांतर: गाउसी बीमच्या (मध्यावर प्रखर, कडेकडे मंद होत जाणाऱ्या) मध्यावर तीव्रता सरासरीच्या दुप्पट असते, तेव्हा आपल्या स्पॉटला सुमारे ८ लाख वॅट लागतात. दहा नॅनोसेकंदांसाठी ८ मिलिजूल. ऊर्जेचा हा आकडा अगदीच क्षुल्लक, पण नॅनोसेकंदांत सुटल्यामुळे शक्ती लाखांत जाते.

विजेच्या ठिणगीची सवय असलेल्यांना इथे एक कोडं पडतं. साध्या स्थिर व्होल्टेजने हवा दर सेंटिमीटरला तीस हजार व्होल्टवर फुटते. वरच्या तीव्रतेत प्रकाशाचं कमाल क्षेत्र ८७ लाख व्होल्ट प्रति सेंटिमीटर आहे, जवळपास तीनशे पट. एवढं जास्त का? कारण स्थिर क्षेत्र इलेक्ट्रॉनला एकाच दिशेने ढकलत राहतं; प्रकाशाचं एक आवर्तन साडेतीन फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) संपतं, आणि दोन टकरींच्या मध्ये साधारण शंभर आवर्तनं फुकट जातात. यावरूनच दोन गोष्टी निघतात. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या १०.६ मायक्रोमीटर प्रकाशात आवर्तन दसपट लांब, कमाई शंभरपट, म्हणून तिथे थ्रेशोल्ड शंभर कोटी वॅटच्या घरात उतरतो. आणि पल्स शंभर फेम्टोसेकंदांची असेल तर तिच्या काळात एकही टक्कर पुरती होत नाही. लोंढ्याला वेळच नाही, सगळं काम बहुफोटॉन आयनीभवनानेच करावं लागतं आणि तीव्रता आणखी शेकडो पट चढवावी लागते. अशा छोट्या पल्सचं शास्त्र १९६४ च्या केल्डिशच्या सिद्धांतापासून सुरू होतं आणि तो वेगळा लेख होईल. २०२१ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या सँटिस शिखरावर याच कुळातल्या पिकोसेकंद पल्सनी आभाळातल्या विजेला सुमारे पन्नास मीटर वाट दाखवली होती, एवढं सांगून पुढे जातो. वळवाच्या दिवसांत हे वाचणाऱ्याला उत्सुकता वाटणारच.

चौथी पायरी: पहिला इलेक्ट्रॉन कुठून आला?

लोंढ्याला सुरुवात करून देणारा एक तरी इलेक्ट्रॉन हवा. वैश्विक किरणं आणि जमिनीतली किरणोत्सारी द्रव्यं मिळून जमिनीलगतच्या हवेत दर सेकंदाला घन सेंटिमीटरमागे दहाच्या आसपासच आयन-जोड्या तयार करतात, आणि सुटलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चटकन चिकटतो. आपल्या ०.००२४ घन मिलिमीटरमध्ये नेमक्या त्या दहा नॅनोसेकंदांत एखादा मोकळा इलेक्ट्रॉन हजर असणं जवळपास अशक्य. तो बहुफोटॉन वाटेने किंवा धुळीतून आणावा लागतो.

धूळ हा इथला खरा खलनायक. धुळीचा कण पल्सने तापतो, त्याची वाफ होते, आणि आजूबाजूच्या हवेला इलेक्ट्रॉन मिळून ती कितीतरी कमी तीव्रतेला फुटते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीपट्ट्यात वाळूची बारीक धूळ आहे. गळिताच्या हंगामात गुऱ्हाळांचा धूर आणि कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी आहे. त्याच खोलीत, त्याच लेझरने ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत वेगळे आकडे आले तर लेझरला दोष देण्याआधी हवा पाहा. धुळीची खूण सोपी आहे: ठिणगी नेमकी फोकसवर न पडता बीमच्या वाटेवर अलीकडे-पलीकडे तुरळक चमकते. पावसाळ्यात धूळ बसते, पण लेन्सवर दमट थर धरतो, आणि ठिणगीच्या वर्णपटात ६५६ नॅनोमीटरची हायड्रोजन रेषा ठळक होते. ती हवेतल्या बाष्पाची.

उपाय एकच: गॅस सेल वापरा आणि हवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आत घ्या. उघड्या हवेतला आकडा हवाच असेल तर तो ‘उघड्या हवेतला’ म्हणूनच लिहा.

पाचवी पायरी: डोळे

हे काम फक्त लेझरसाठी परवानगी असलेल्या, दाराला इंटरलॉक (दार उघडताच लेझर बंद करणारी सोय) असलेल्या प्रयोगशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचं. टॅटू पुसायची क्यू-स्विच यंत्रं हल्ली ऑनलाइन मिळतात आणि ती याच जातीची असतात. ती घरी आणून ठिणगी पाडायचा विचार मनात असेल तर इथेच सोडा.

१०६४ नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो थेट दृष्टिपटलावर एकवटतं. दुखत नाही, पापणी मिटत नाही. डोळ्याला सुरक्षित असलेली पल्सची मर्यादा चौरस सेंटिमीटरला मायक्रोजूलच्या घरात आहे आणि तुमच्या टेबलावर मिलिजूल खेळताहेत, म्हणजे काचेवरून चार टक्के परतलेला प्रकाशही घातकच. गॉगल त्याच तरंगलांबीचा हवा. हिरवा प्रकाशही वापरत असाल तर दोन्हींचा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बीमची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीत नको.

विसरली जाणारी गोष्ट वेगळीच आहे. ठिणगी पडली की पल्सचा बराच भाग ठिणगीतला आयनीभूत वायू, म्हणजे प्लाझ्मा, शोषून घेतो; पण जिथे ठिणगी पडत नाही त्या शॉटला अख्खी ऊर्जा फोकस ओलांडून पुढे जाते. मागचा बीम ब्लॉक त्या हिशोबाने ठेवा. शिवाय लेझरच्या वीजपुरवठ्यातले कॅपॅसिटर स्विच बंद केल्यावरही जीवघेणे असतात, आणि तासन्‌तास ठिणग्या पाडल्यावर बंद खोलीत ओझोन व नायट्रोजनचे ऑक्साइड साठतात. खिडकी नाही तर एक्झॉस्ट हवाच.

सहावी पायरी: मांडणी आणि मोजणी

लेझर वीस-तीस मिनिटं गरम होऊ द्या. ऊर्जा कमी-जास्त करायला फ्लॅशलॅम्पचं व्होल्टेज कधीच बदलू नका, कारण त्याबरोबर पल्सची लांबी आणि बीमचा आकारही बदलतो आणि तुम्ही एकाच वेळी तीन गोष्टी हलवून बसता. अर्धतरंग पट्टी आणि ध्रुवक वापरा. पट्टी फिरवली की फक्त ऊर्जा बदलते. पुढे एका काचेच्या पाचरीने थोडा बीम ऊर्जामापकाकडे वळवा, म्हणजे प्रत्येक शॉटची ऊर्जा नोंदता येते. एका बाजूने सांडलेला प्रकाश वेगवान फोटोडायोडवर घेऊन ऑसिलोस्कोपवर पल्स बघा.

लेन्स सपाट-फुगीर असेल तर फुगीर बाजू येणाऱ्या बीमकडे ठेवायची. उलटी बसवली तर स्पॉट पसरतो. लेन्सच्या पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाशही कुठेतरी एकवटतो. तो लेझरच्याच आरशावर एकवटणार नाही, अशी जागा शोधा, नाहीतर आरशावर डाग पडेल. सेलची खिडकी फोकसपासून लांब असावी: १०० मिलिमीटरच्या लेन्सला फोकसपासून ६० मिलिमीटरवर बीम अजून ३.६ मिलिमीटर रुंद असतो आणि काच टिकते.

स्पॉट सूत्राने काढलात, आता मोजा. फोकसमधून ब्लेडची धार मायक्रोमीटर स्क्रूने सरकवत पलीकडची ऊर्जा नोंदणं ही जुनी पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे. मात्र ऊर्जा खूप खाली आणून, नाहीतर धारच वितळते.

ठिणगी पडली हे कशावरून ठरवायचं? अंधारात डोळ्याने पाहून म्हणणारे बरेच आहेत, पण गॉगल घातलेल्या थकल्या डोळ्यावर थ्रेशोल्ड ठरवू नये. बीमला काटकोनात दुसरा फोटोडायोड ठेवा, त्याच्यापुढे १०६४ अडवणारा फिल्टर. दुसरा पुरावा त्याहून देखणा: फोकसच्या पलीकडे, काळ्या फिल्टरांनी मंद करून, पार झालेली पल्स पाहा. ब्रेकडाउन झालं की तिचा मागचा भाग कापलेला दिसतो, आणि कुठल्या नॅनोसेकंदाला लोंढा पुरा झाला ते थेट वाचता येतं.

प्रत्येक ऊर्जेला शंभर शॉट घ्या, सेकंदाला एकापेक्षा जास्त नको. आधीच्या ठिणगीची तापलेली, आयनांनी भरलेली हवा विझून निघायला हवी. किती शॉटना ठिणगी पडली ते मोजा. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत आलेख तिरकस चढतो. तो जिथे पन्नास टक्के ओलांडतो ती ऊर्जा थ्रेशोल्ड म्हणून लिहा. शंभर शॉटना त्या बिंदूपाशी मोजणीतली अनिश्चितता पाच टक्के येते, ती आलेखावर दाखवा. आलेखाचा चढ किती तिरका आहे तेही सांगण्यासारखं आहे: रुंद चढ म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन नशिबावर सोडलेला आहे, बहुतेक वेळा धुळीवर.

एक बारकावा. सीडर (लेझरला एकाच शुद्ध तरंगलांबीवर बांधून ठेवणारा छोटा लेझर) नसलेल्या लेझरची पल्स साध्या ऑसिलोस्कोपवर गुळगुळीत दिसते, पण तिच्या आत नॅनोसेकंदाहून बारीक उंच काटे असतात. खरी क्षणिक तीव्रता त्यामुळे तुम्ही मोजलेल्या सरासरीच्या वर जाते आणि थ्रेशोल्ड खोटाच कमी दिसतो. लेझर सीडेड आहे की नाही, हे नोंदवहीत लिहिलंच पाहिजे.

सातवी पायरी: दाब बदला, यंत्रणा उघड होईल

एकाच दाबाचा आकडा फारसं बोलत नाही. सेलमधला दाब पन्नास टॉरपासून वर नेत प्रत्येक ठिकाणी थ्रेशोल्ड काढा आणि दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन आलेख काढा. निव्वळ लोंढा असेल आणि ऊर्जेची गळती नगण्य असेल तर दाब दुप्पट केल्यावर लागणारी तीव्रता निम्मी होते, म्हणजे उतार वजा एक. निव्वळ ११ फोटॉनांची प्रक्रिया असेल तर उतार वजा एक-अकरांश, जवळजवळ सपाट. तुमचा उतार या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडेल, आणि तो नेमका कुठे पडतो हेच प्रकल्पाचं उत्तर.

वायू बदलायचा तर टिग वेल्डिंगवाल्यांकडचा आर्गॉन घ्या. शहरात तो सहज मिळतो. आर्गॉनचं आयनीभवन १५.७६ इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे ऑक्सिजनहून अवघड, तरी तो सहसा हवेपेक्षा लवकर फुटतो. त्याच्या अणूला कंपन नाही, इलेक्ट्रॉनची कमाई वाटेत झिरपत नाही. हेलियम २४.५९ ला, त्यात इलेक्ट्रॉनशी टकरीही कमी, म्हणून तो फार हट्टी. सिलिंडर बांधून ठेवा आणि खोली हवेशीर ठेवा. आर्गॉन विषारी नाही, पण बंद खोलीत प्राणवायूची जागा घेतो.

फाउंड्रीवाल्यांसाठी

बीडात (ओतीव लोखंडात) कोणकोणते घटक आहेत ते लेझरच्या ठिणगीच्या वर्णपटावरून तपासायचं असेल तर सगळा प्रकार उलटा होतो: ठिणगी धातूच्या वाफेत हवी, हवेत नको. हवा आधी फुटली तर प्लाझ्मा पल्स अडवतो आणि धातूपर्यंत ऊर्जा पोचत नाही. म्हणून फोकस पृष्ठभागाच्या वर न ठेवता एक-दोन मिलिमीटर आत ठेवतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ च्या प्रग्यान रोव्हरने याच पद्धतीने चंद्राच्या मातीत गंधक शोधलं; तिथे हवाच नसल्यामुळे ही अडचण नव्हती. कार्बनसाठी १९३ नॅनोमीटरची रेषा चांगली, पण हवेतला ऑक्सिजन ती खातो, तेव्हा नमुन्यावर आर्गॉनचा झोत लागतो. २४८ च्या रेषेवर विसंबू नका, लोखंडाची रेषा तिला चिकटूनच आहे. आणि नमुना स्पेक्ट्रोमीटरला देता तसा चिल केलेलाच, म्हणजे झटकन थंड केलेलाच, द्या. सावकाश थंड झालेल्या बीडात ग्राफाइटच्या पाकळ्या वेगळ्या सुटलेल्या असतात, आणि चाळीस-पन्नास मायक्रोमीटरच्या स्पॉटखाली एकदा पाकळी येईल, एकदा नुसतं लोखंड.